प्रारंभमूल्यरहित चल आणि डेबियनमधील दोन ओळी

सी भाषेत फंक्शनच्या आत घोषित केलेल्या चलास प्रारंभमूल्य देण्याचे बंधन नाही. स्टॅटिक चल आपोआप शून्य होतो. स्थानिक चलात मात्र त्या जागी पूर्वीचे जे काही उरले असेल तेच हाती लागते. अशा चलावर विसंबलेली चाचणी आज यशस्वी होते व उद्या कोसळते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

हा दोष शोधण्याचे व्हॅलग्रिंड हे साधन २००२ पासून प्रचारात आले. ते स्मृतीतील प्रत्येक बिटाची वैधता नोंदवून ठेवते. अवैध मूल्याची केवळ नक्कल झाली असता ते मौन पाळते; एखादा निर्णय त्या मूल्यावर अवलंबून राहिला की तक्रार करते. तेव्हा तक्रारीचे स्थळ हेच दोषाचे उगमस्थान असे गृहीत धरणे धोक्याचे होय. डेबियन प्रकरणात नेमके तेच घडले.

ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या आज्ञासंग्रहात यदृच्छ अंक पुरविणारी दोन फंक्शने होती : एक बाहेरून आलेले बीज साठ्यात मिसळणारे, दुसरे साठ्यातून अंक काढून देणारे. दोहोंत एक ओळ अक्षरशः सारखी होती. दुसऱ्यातील ओळ मागणाऱ्याची रिकामी जागाच मिसळीत असे. ती गाळल्याने काही बिघडले नसते. पहिल्यातील ओळ मात्र प्रत्यक्ष बीजच मिसळीत होती. मूळ लेखकांनी प्युरिफाय या जुन्या साधनासाठी दुसरीभोवती अट घातली होती, पहिलीभोवती नव्हती. हा भेद संहितेतच नोंदलेला होता, आणि तो कोणी वाचला नाही, हे मला या प्रकरणातील सर्वांत बोलके वाटते.

मे २००६ मध्ये डेबियनने दोन्ही ओळी निष्क्रिय केल्या. मूळ प्रकल्पाकडे आधी पृच्छा झाली होती व तिकडून हरकत आली नव्हती, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. परिणामी बदलते असे बीज उरले ते केवळ प्रक्रियेचा क्रमांक. तो तेव्हा लिनक्सवर सामान्यतः ३२,७६८ च्या मर्यादेत असे. एका जातीच्या यंत्रावर, एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या तेवढ्याच संभवत होत्या, आणि त्या सर्व आधीच तयार करून ठेवणे कोणासही शक्य होते.

१३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर झाला. दुरुस्त आवृत्ती बसविणे पुरेसे नव्हते. दुबळ्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. डीएसए पद्धतीत तर अन्यत्र नीट तयार झालेली किल्लीही, सदोष यंत्रावर सहीसाठी एकदा वापरली असल्यास, त्याज्य ठरली.