वांझ म्हणण्याआधी

‘वांझ’ हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! १९३५ साली शिकागोच्या स्टाइन-लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिकत छापली. आज ज्याला पीसीओएस म्हणतात तोच हा विकार. पोट उघडून बीजकोशाचा पाचरीसारखा तुकडा काढला. सातही जणींची पाळी सुरळीत झाली, दोघींना दिवस गेले. पण या शस्त्रक्रियेने आतले अवयव चिकटत, म्हणजे पुन्हा अडथळाच!

१९६७ मध्ये अमेरिकेत क्लोमिफीनच्या गोळीला मान्यता मिळाली. पुढे लेट्रोझोल आले, मूळचे स्तनाच्या कर्करोगावरचे. २०१४ च्या ७५० स्त्रियांवरील अमेरिकी अभ्यासात त्याने २७.५ टक्के जणींना मूल झाले, क्लोमिफीनने १९.१. आपल्याकडे मात्र वंध्यत्वासाठी ते वापरण्यावर २०११ ते २०१७ बंदी होती. तिशी ओलांडलेल्या लेकीसुनांना तोवर जुन्याच गोळीवर भागवावे लागले, याचा मला राग येतो.