बिझनेससाठी वेबसाइट बनवताय? डिझायनरला पैसे देण्याआधी हे वाचा

ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ माझ्या मामांचं छोटंसं होमस्टे आहे. त्यांनी एका डिझायनरकडून वेबसाइट करून घेतली. डोमेन त्याने स्वतःच्याच नावावर घेतलं. वर्षभराने रिन्यू करायची वेळ आली, तर त्याचा फोन बंद! डोमेन गेलं. कार्डांवर आणि पाटीवर छापलेला पत्ता वाया गेला. मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण वेळेवर विचारलंच नाही. तुमच्या घरच्या धंद्याचं असं होऊ नये, म्हणून हा लेख.

तीन खर्च वेगळे ओळखा

- डोमेन: साइटचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी नोंदवावा लागतो. पहिल्या वर्षी स्वस्त दिसतो, पुढे दर वाढू शकतो. म्हणून रिन्यूचा दर आधीच बघा.
- होस्टिंग: साइटच्या फाइल्स ठेवायची जागा. याचंही भाडं भरावं लागतं.
- डिझाइन: डिझायनरची मजुरी.

कोटेशनमध्ये या तिन्ही रकमा वेगवेगळ्या लिहून घ्या.

आधी कागदावर प्लॅन करा

ग्राहक काय शोधत येतो, ते लिहून काढा. होमस्टेसाठी खोल्यांचे खरे फोटो, दर, गेटपासूनचं अंतर, नकाशा आणि दाबताच कॉल लागेल असा नंबर पुरेसा आहे. ताडोबा मंगळवारी बंद असतं आणि कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, हेही लिहा. पाहुण्यांची चुकीची ट्रिप वाचते. सफारी बुकिंगसाठी वनविभागाच्या अधिकृत साइटचीच लिंक द्या.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क कुठे असतं, कुठे नसतं. त्यामुळे मोठे व्हिडिओ आणि स्लायडर नकोत. फोटो कॉम्प्रेस करून टाका.

डिझायनरला हे विचारा

१. तुम्ही केलेल्या दोन-तीन चालू साइट्स दाखवा. (त्या आपल्या मोबाइलवर उघडून बघा. जमलं तर त्यांच्या मालकांशी बोला.)
२. दर किंवा फोटो मी स्वतः बदलू शकेन का?
३. बदल किती वेळा फुकट? नंतर किती पैसे?
४. बॅकअप कोण घेणार?

सगळ्यात महत्त्वाचं

डोमेन आणि होस्टिंगची खाती मालकाच्या नावाने, त्याच्याच ईमेल आणि मोबाइल नंबरवर उघडा. डिझायनरला कामापुरता अॅक्सेस द्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता देण्याआधी सगळे पासवर्ड आणि फाइल्सची कॉपी हातात घ्या, स्वतः लॉगिन करून बघा आणि मगच पासवर्ड बदला.

मामांची नवी साइट आता त्यांच्याच खात्यावर आहे. रिन्यूच्या तारखेचं रिमाइंडर मात्र आम्ही दोघांच्याही फोनमध्ये लावलंय.