महसूल (व्यवसाय)

महसूल म्हणजे एखाद्या व्यवसायाने मालाची विक्री करून किंवा सेवा पुरवून ठरावीक कालावधीत मिळवलेले एकूण उत्पन्न होय. यातून खर्च वजा केलेला नसतो. व्यवहारात यालाच विक्री उत्पन्न किंवा उलाढाल असेही म्हणतात.

संज्ञा

महसूल हा शब्द मराठीत अरबीतून आला. शासनाचा शेतसारा व कर या अर्थाने तो अधिक परिचित आहे, उदा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. लेखाशास्त्रात मात्र तो व्यवसायाच्या उत्पन्नासाठी वापरतात.

महसूल आणि नफा

पुणे जिल्ह्यातील लोणावळा चिक्कीसाठी प्रसिद्ध आहे. समजा, तेथील एका उत्पादकाने कर वगळून प्रत्येकी १०० रुपये दराने चिक्कीची १,००० पाकिटे विकली व त्यांपैकी ४० परत आली, तर त्याचा निव्वळ महसूल ९६,००० रुपये होईल. गूळ, शेंगदाणे, मजुरी, वेष्टन व भाडे यांचा खर्च ८०,००० रुपये असल्यास नफा १६,००० रुपये. गूळ महागून खर्च ९८,००० रुपयांवर गेल्यास महसूल तेवढाच राहूनही २,००० रुपये तोटा होईल. म्हणून केवळ उलाढालीवरून व्यवसायाची स्थिती ठरवता येत नाही.

महसूल केव्हा धरतात

उपार्जित लेखापद्धतीत पैसे हाती येण्याची वेळ नव्हे, तर माल किंवा सेवा दिल्याची वेळ महत्त्वाची असते. पावसाळी पर्यटनासाठी लोणावळ्यातील निवासाचे जुलै महिन्याचे आरक्षण मे महिन्यात झाले, तर आगाऊ घेतलेली रक्कम प्रत्यक्ष मुक्काम होईपर्यंत देणे म्हणून नोंदवली जाते. याउलट, उधारीवर दिलेल्या मालाची किंमत वसुलीपूर्वीच महसुलात धरतात. भारतीय लेखा मानक ११५ याच विषयाचे असून ते १ एप्रिल २०१८ पासून अमलात आले.

महसुलात न येणाऱ्या रकमा

* भागभांडवल व कर्ज
* परत करावयाची अनामत रक्कम
* ग्राहकाकडून घेतलेला वस्तू व सेवा कर, कारण तो शासनाकडे भरावयाचा असतो
* मध्यस्थाने मालकासाठी गोळा केलेली रक्कम. मध्यस्थाचा महसूल म्हणजे केवळ त्याचे कमिशन

मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे येथील पैसा फंड काच कारखाना हे याचे बोलके उदाहरण आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या निधीतून हा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. लोकांची वर्गणी हा उद्योग उभारण्याचा निधी होता, महसूल नव्हे. काचमालाच्या विक्रीतून मिळणारे उत्पन्न हा महसूल. वर्गणीतून कारखाना उभा राहू शकतो, पण तो पुढे चालण्यासाठी खर्च भागवणारी विक्री आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

* नफा
* ताळेबंद
* वस्तू व सेवा कर