गृहशुश्रूषा, सार्वजनिक विम्यातील मोबदला (भंडारा जिल्हा)

घरी दिलेल्या परिचर्येसाठी सरकारी विमा वा योजनेतून मिळणारी रक्कम. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना (पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी) भंडाऱ्यात नोव्हेंबर 2013 मध्ये, राज्यव्यापी दुसऱ्या टप्प्यात आली. तिचे दर आजार व शस्त्रक्रियानिहाय ठरलेले असून पैसा अंगीकृत रुग्णालयाला मिळतो. सुटीनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे त्यातच येतात. घरी येणाऱ्या परिचारिकेसाठी वेगळा दर नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाची कूस बदलणे, जखमेची मलमपट्टी ही कामे त्यामुळे सुना-मुलींच्याच अंगावर पडतात.

घरभेटीला ठरलेला मोबदला आहे तो विम्यात नव्हे, राष्ट्रीय आरोग्य अभियानात. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या गडचिरोलीतील प्रयोगावरून (निष्कर्ष 1999) स्फूर्ती घेतलेला गृहाधारित नवजात शिशु काळजी कार्यक्रम 2011 मध्ये देशभर सुरू झाला. रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशा सेविका 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी घरी जाते. बाळाचे वजन, तापमान घेते, श्वास मोजते. सर्व भेटींचे मिळून 250 रुपये, म्हणजे भेटीला जेमतेम 42. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची सातवी भेट वाढते, रक्कम तीच. जन्मनोंद, लसीकरण आणि 42 व्या दिवसापर्यंत माय-लेकरू सुखरूप असणे, अशा अटी पूर्ण झाल्यावरच पैसे निघतात. शेवटची अट अन्यायाची वाटते: बाळ दगावले तरी भेटी झालेल्याच असतात. 2018 पासून 3 ते 15 महिन्यांच्या बाळासाठी पाच भेटी, प्रत्येकी 50 रुपये.