मांडव आणि नाट्यगृह

वाचकहो, पेडणे-डिचोलीत आपले उत्सवी नाटक देवळापुढच्या मांडवात होत आले. मांडव दरवर्षी नव्याने उभा राही, त्यामुळे त्याची डागडुजीही दरवर्षी होई. आवाज कुठे पोचत नाही, हे गावच सांगे.

पणजीला कांपाल येथे चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणे कला अकादमीचे संकुल झाले. ते १९८३ साली खुले झाले. त्यातले दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह नाट्यस्पर्धेमुळे खेडोपाडीच्या हौशी नटांनाही आपले वाटू लागले. २०२१ मध्ये ते नूतनीकरणासाठी बंद झाले. काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. नोव्हेंबरात संकुल पुन्हा उघडले. पण पुढे ध्वनी, प्रकाशयोजना आणि गळती यांविषयी कलाकारांनी तक्रारी केल्या.

आम्ही होमिओपॅथीवाले औषध देण्याआधी रोग्याला पुरते बोलू देतो. जुन्या नाट्यगृहाच्या दुरुस्तीतही आधी नट, ध्वनियोजक आणि शेवटच्या रांगेतला प्रेक्षक यांचे ऐकून घ्यावे. मांडवाच्या काळात ही रीत होती. तुमच्या गावच्या रंगमंचाचे काम निघेल, तेव्हा पहिल्याच बैठकीला तुम्ही जा आणि बोला.