मोटरसायकलच्या बेंड पाइपचे लेपन

मोटरसायकलच्या इंजिनातील जळालेला वायू सिलिंडर हेडमधून सायलेन्सरपर्यंत नेणाऱ्या वळणदार नळीला गॅरेजच्या बोलीत बेंड पाइप आणि तांत्रिक भाषेत एक्झॉस्ट हेडर म्हणतात. ही नळी गंजू नये, उष्णतेने खराब होऊ नये आणि दिसायला चांगली राहावी यासाठी तिच्यावर धातूचा मुलामा, उष्णतारोधक रंग किंवा सिरॅमिक लेप चढवतात. या सर्व प्रक्रियांना एकत्रितपणे बेंड पाइपचे लेपन असे म्हणता येते. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका आणि लोणावळा–खंडाळा परिसरात घाटाची चढण व मुसळधार पाऊस एकाच रस्त्यावर येतात. त्यामुळे तेथे लेप निवडताना केवळ किती तापमान सोसतो एवढेच पाहून भागत नाही; तापलेली नळी वारंवार भिजल्यावर तो किती टिकतो, हेही पाहावे लागते.

नळीवरील ताण

चार स्ट्रोकच्या पेट्रोल इंजिनावर भार असताना बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान साधारणतः ६०० ते ८०० अंश सेल्सिअस असते. गाडी धावत असताना समोरून वारा लागतो, म्हणून नळीचा बाह्य पृष्ठभाग बराच थंड, बहुधा ३०० ते ५०० अंशांच्या दरम्यान राहतो. सिलिंडर हेडलगतचे पहिले वळण सर्वाधिक तापते. उभ्या गाडीचे इंजिन बराच वेळ जोरात फिरवले, तर हा भाग अंधारात मंद लाल दिसू शकतो. अशी लाली डोळ्यांना जाणवू लागते तेव्हा पोलादाचे तापमान ५०० अंशांच्या पुढे गेलेले असते.

तापलेल्या नळीवर सोनेरी, जांभळा व निळा असे रंग उमटतात. हे रंग कोणत्याही रंगद्रव्याचे नसतात. धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे प्रकाशाचे रंग त्यावर दिसतात. साध्या पोलादावर निळा रंग सुमारे ३०० अंशांना येतो, तर ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर त्यासाठी ५४० अंशांच्या आसपास तापमान लागते. अनेक चालकांना ही निळाई आवडते. काही जण गॅसच्या ज्योतीने ती मुद्दाम आणवतात. मात्र नवीन नळी फार लवकर निळी पडली, तर इंधनमिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी असण्याची किंवा इग्निशन उशिरा होत असल्याची शक्यता तपासावी लागते. तो दोष तसाच ठेवून वरून लेप चढवला, तर लेपही लवकर जातो.

नळीला दुसरा धोका पाण्याचा असतो आणि तो आतूनही येतो. पेट्रोल जळताना पाणी तयार होते. १ लिटर पेट्रोलपासून साधारण १ लिटर पाणी बनते. इंजिन पूर्ण तापले असेल तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. घरापासून बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत मात्र त्यातील काही भाग थंड नळीच्या व सायलेन्सरच्या आत साचतो. त्यामुळे केवळ बाहेरून रंगवलेली साध्या पोलादाची नळी वरून चकचकीत दिसत असतानाच आतून कुजत जाऊ शकते.

लेपनाचे प्रकार

निकेल-क्रोमचा मुलामा हा भारतात सर्वाधिक परिचयाचा प्रकार आहे. १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेली बुलेट आणि १९६१ पासून म्हैसूरमध्ये बनू लागलेली जावा या गाड्यांची ओळखच चकाकणाऱ्या क्रोमच्या नळ्यांशी जोडलेली आहे. लोकांच्या बोलण्यात क्रोमचेच नाव येत असले तरी गंजापासून खरे संरक्षण निकेल देते. निकेलचा थर साधारण १० ते ३० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यावरील क्रोमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन भरतो. निकेलचा थर पातळ ठेवून वरून क्रोमची झिलई दिलेले काम नवे असताना उत्तम कामापेक्षा वेगळे ओळखता येत नाही. एक पावसाळा गेल्यावर मात्र त्यावर गंजाचे ठिपके येतात आणि नंतर पापुद्रे सुटतात. क्रोम निळे पडू नये म्हणून काही उत्पादक दुहेरी भिंतीची नळी वापरतात. आतील नळी वायू वाहून नेते, मधे हवेची पोकळी राहते आणि बाहेरची नळी तुलनेने थंड असल्याने तिची चमक टिकते.

सिलिकोन रंग हा स्वस्त आणि घरी करता येण्याजोगा प्रकार आहे. साध्या रंगातील राळ २०० अंशांच्या आसपास जळू लागते. सिलिकोन राळेतील सेंद्रिय भाग जळून गेल्यावरही सिलिका आणि रंगद्रव्य यांचा थर धातूला धरून राहतो. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची भुकटी असते. काळ्या रंगात काजळी चालत नाही, कारण ती जळून जाते. त्याऐवजी धातूंच्या ऑक्साइडची रंगद्रव्ये वापरतात. नेहमीच्या पावडर कोटिंगचा यात समावेश होत नाही. ती सुमारे २०० अंशांना भाजली जाते आणि बेंड पाइपवर लावल्यास करपून सुटते. सायलेन्सरच्या मागच्या थंड भागावर ती चालू शकते, एवढ्यावरून पुढच्या वळणावरही चालेल असे समजणे चुकीचे आहे.

सिरॅमिक लेप या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे सिरॅमिकचे कण मिसळलेला, फवारून भट्टीत भाजलेला २५ ते ५० मायक्रॉनचा पातळ लेप. दुसरी म्हणजे प्लाझ्मा फवाऱ्याने चढवलेला झिर्कोनियाचा काही शतांश किंवा दशांश मिलिमीटर जाडीचा थर. पहिला प्रामुख्याने गंजरोधक व शोभेचा असतो, तर दुसरा खऱ्या अर्थाने उष्णतेला अडथळा करतो आणि बराच महागही पडतो. एनॅमलच्या भांड्यांवर असतो तसा काचेचा लेप हा यांचा पूर्वज म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने दुर्मीळ मिश्रधातूंऐवजी साधे पोलाद वापरता यावे म्हणून विमानांच्या एक्झॉस्टसाठी असे लेप विकसित केले होते.

फायबरग्लासची किंवा बेसाल्टच्या धाग्यांची पट्टी नळीभोवती गुंडाळणे हे काटेकोर अर्थाने लेपन नव्हे, परंतु त्याच हेतूने ते केले जाते. उष्णता आत राखण्यात पट्टी कोणत्याही पातळ लेपाहून सरस ठरते. मात्र ती पाणी शोषते आणि नळीला चिकटवून धरते. त्यामुळे साध्या पोलादाची नळी पट्टीखाली झपाट्याने गंजते आणि बाहेरून कळतही नाही. इंजिनातून गळणारे तेल पट्टीत मुरल्यास ती पेट घेण्याचाही धोका असतो.

उष्णता खरोखर किती कमी होते

लेपामुळे नळीचे तापमान निम्म्यावर येते, असे दावे जाहिरातींत आढळतात. पातळ लेपाच्या बाबतीत ते साध्या गणितात बसत नाहीत. नळीच्या भिंतीतून दर चौरस मीटरला २० किलोवॅट उष्णता बाहेर पडते आणि लेपाची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला १ वॅट आहे असे धरले, तर ३० मायक्रॉनच्या लेपाच्या दोन बाजूंतील तापमानाचा फरक १ अंशापेक्षाही कमी येतो. थर ३०० मायक्रॉनचा असला तरी तो सुमारे ६ अंशच भरतो.

पायाला जाणवणारी धग मात्र लेपाने बदलू शकते आणि त्याचे कारण पृष्ठभागाच्या उत्सर्जनात आहे. काळा, खरखरीत पृष्ठभाग चकचकीत धातूच्या कित्येक पट उष्णता प्रारणाने बाहेर टाकतो. म्हणून काळ्या रंगाची नळी स्वतः थोडी थंड राहते, पण पायाला अधिक तापवते. चंदेरी, गुळगुळीत लेपाची नळी याच्या उलट वागते. मोजमापातील एक फसगतही येथूनच येते. हातात धरायची इन्फ्रारेड बंदूक बहुधा काळ्या पृष्ठभागासाठी जुळवलेली असते. ती चकचकीत नळीवर रोखली की प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवते. लेपनाआधीचे आणि नंतरचे असे दाखवलेले आकडे विश्वासार्ह ठरण्यासाठी नळीला टेकवलेल्या थर्मोकपलने ते मोजलेले असावे लागतात. आकडा काहीही आला तरी बेंड पाइपला त्वचा लागल्यास क्षणात भाजते, त्यामुळे मूळ गाडीवरील उष्णतारोधक जाळी किंवा पत्रा लेपनानंतर काढून टाकू नये.

पूर्वतयारी आणि भाजणी

लेप अकाली सुटण्यामागे बहुतेक वेळा लेपाच्या दर्जापेक्षा अपुरी पूर्वतयारी असते. जुना रंग, गंज आणि सुटे क्रोम पूर्ण काढावे लागते. त्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा गार्नेटच्या कणांनी ब्लास्टिंग करून पृष्ठभाग एकसारखा खरखरीत करतात. गुळगुळीत क्रोमवर थेट मारलेला रंग फार दिवस धरत नाही. ब्लास्टिंगनंतर नळीला उघड्या हाताने स्पर्शही करू नये, कारण बोटांवरचे तेल लेपाखाली डाग पाडते. नेहमीचा रेड ऑक्साइड प्रायमर येथे वापरत नाहीत. तोच आधी जळतो आणि वरचा थर सोबत घेऊन जातो. जस्ताचा मुलामाही निरुपयोगी ठरतो, कारण जस्त ४२० अंशांच्या आतच वितळते.

सिलिकोन रंग एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थरांत द्यावा लागतो. भाजणी टप्प्याटप्प्याने करतात: साधारण १२० अंश, नंतर २०० आणि शेवटी ३१५ अंशांच्या आसपास, प्रत्येक टप्पा अर्ध्या तासाचा आणि मधे थंड होऊ देण्याइतका अवकाश. भट्टी नसल्यास नळी गाडीवर बसवून इंजिन थोडा थोडा वेळ चालू ठेवून हेच साधतात. रंग सुकला असे समजून लगेच लांबच्या प्रवासाला निघाल्यास अडकलेला द्रावक उकळतो आणि रंगाला फोड येतात. नळी पुन्हा बसवताना सिलिंडर हेडजवळचे गॅस्केट नवे घालावे. तेथून वायू गळू लागला तर त्या जागेचा लेप सर्वांत आधी जळतो.

मावळ व लोणावळा परिसर

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर वसले आहे. तेथे वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. याच महिन्यांत भुशी धरण, लायन्स पॉइंट, लोहगड आणि पवना धरणाकडे जाणाऱ्या दुचाकींची गर्दीही सर्वाधिक असते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नसल्याने मुंबईकडून येणारे चालक खोपोलीहून बोरघाट चढून जुन्या महामार्गाने खंडाळा, लोणावळा, कामशेत, वडगाव असे जातात. घाटात सुमारे ५०० मीटरची चढण खालच्या गिअरमध्ये पार करताना नळी भरपूर तापते आणि वरच्या अंगाला तीच नळी डबक्यातल्या पाण्याने भिजते. तापलेले पोलाद अचानक आकसते. त्यावरील कठीण, ठिसूळ थर त्याच वेगाने आकसत नाही आणि त्यात केसासारख्या भेगा पडतात. पुढच्या पावसात त्याच भेगांतून गंज सुरू होतो. पुढच्या चाकामागे खाली बसवलेल्या नळीवर चिखल-पाण्याचा मारा अधिक होतो. मावळालगतच्या चाकण येथे बनणाऱ्या केटीएम ड्यूक २०० या गाडीचा सायलेन्सर तर इंजिनाच्या पोटाखालीच होता.

तालुक्यात सर्वत्र सारखा पाऊस नसतो. पश्चिमेकडील नाणे, पवन आणि आंदर मावळाच्या तुलनेत तळेगाव बाजूला तो पुष्कळ कमी होतो. त्यामुळे तळेगावात चार-पाच वर्षे टिकणारे क्रोम लोणावळ्यात तितकेच टिकेल, अशी अपेक्षा करता येत नाही. अशा हवामानात स्टेनलेस स्टीलची नळी कोणत्याही लेपाशिवाय अधिक भरवशाची ठरते. साध्या पोलादाच्या नळीवर आतून-बाहेरून दिलेला सिरॅमिक लेप त्याखालोखाल येतो. गुंडाळायची पट्टी येथे सर्वांत गैरसोयीची आहे. पावसाळी प्रवासानंतर नळी थंड होऊ देऊन साध्या पाण्याने धुणे आणि मग इंजिन काही वेळ चालवून ती कोरडी करणे, हा उपाय सर्वच लेपांना लागू पडतो.

आरोग्य आणि पर्यावरण

पारंपरिक क्रोम प्लेटिंगच्या टाकीत षट्संयुजी क्रोमियम असते आणि ते कर्करोगकारक आहे. टाकीतून उडणारे तुषार श्वासावाटे कामगारांच्या शरीरात जातात, तर प्रक्रिया न करता सोडलेले सांडपाणी ओढ्या-नाल्यांत मिसळते. इंद्रायणी आणि पवना या दोन्ही नद्यांचा उगम मावळात आहे आणि पुढे त्या पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातून वाहतात, त्यामुळे या भागात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. प्लेटिंगचा व्यवसाय करण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आवश्यक असते. स्वस्तात काम करून देणाऱ्या ठिकाणी बहुधा दोन गोष्टींत काटकसर झालेली असते: निकेलच्या जाडीत आणि सांडपाण्याच्या प्रक्रियेत.

साध्या वाळूने केलेल्या ब्लास्टिंगच्या धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो. जुन्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या सांध्यांत आणि नळीभोवतीच्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडू नये.

कायदेशीर बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर निर्बंध घालते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात ते काटेकोरपणे लागू केले. मूळ नळीवर लेप दिल्याने तिची रचना बदलत नाही. मात्र लेपनाच्या निमित्ताने मूळ नळी काढून मोकळी नळी बसवणे ही वेगळी बाब आहे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ मानकांच्या अनेक गाड्यांत उत्प्रेरक परिवर्तक बेंड पाइपमध्येच किंवा त्याला लागून असतो आणि नळीवर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. अशी नळी प्लेटिंगच्या टाकीत बुडवल्यास किंवा आतून ब्लास्टिंग केल्यास परिवर्तक निकामी होतो आणि गाडी प्रदूषण चाचणीत अडकू शकते. सेन्सर आधी काढून त्याच्या छिद्राचे आटे झाकून घ्यावे लागतात, कारण आट्यांवर लेप बसल्यास सेन्सर पुन्हा नीट बसत नाही. या गाड्यांसाठी नळी न बुडवता केवळ बाहेरून फवारलेला लेप हाच व्यवहार्य मार्ग उरतो.