पावलाची साक्ष

इग्वानोडॉन या प्रचंड प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याची ओळख जगास करून देणारा इंग्रज शस्त्रवैद्य गिडिअन मॅन्टेल १८४१ सालीं घोडागाडीच्या अपघातांत सांपडला. तेव्हांपासून वेदनेनें त्याची पाठ सोडली नाहीं. पाठींत गांठ असावी, असा समज होता. १८५२ सालीं तो वारला आणि शवच्छेदनांत खरा प्रकार उघड झाला: कमरेचा कणा एका बाजूस वांकून पिळवटला होता. मणक्यांचीं मागचीं टोकें मात्र जवळजवळ सरळ रेषेंत राहिल्यामुळें तो बांक बाहेरून दिसलाच नव्हता.

विल्यम ॲडम्स यानें या शरीरापासून बोध घेतला. १८६५ सालच्या आपल्या व्याख्यानसंग्रहांत त्यानें पुढें वांकवून पाठ पाहण्याची रीत सांगितली. वांकतांच पिळामुळें एका बाजूच्या बरगड्या उंचावतात. ही साधी परीक्षा आजही चालते. पुढें क्ष-किरण आले आणि १९४८ सालीं जॉन कॉब यानें बांकाचा कोन मोजण्याची पद्धति मांडली. दहा अंश वा अधिक कोन असल्यास तो विकार समजतात.

किशोरवयांत शंभरांतील दोनतीन मुलांस हा विकार असतो. प्रारंभीं बहुधा दुखत नाहीं, म्हणून तो लपतो. आणि उंची झपाट्यानें वाढते त्याच काळांत तो बळावतो. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडांतील अभ्यासांत पट्टा बांधलेल्या मुलांपैकीं शेंकडा ७२ जणांचा बांक वाढ पुरी होईपर्यंत पन्नास अंशांखालीं राहिला. न बांधलेल्यांत हें प्रमाण ४८ होतें. मात्र वारंवार क्ष-किरण घेणें निर्धोक नव्हे.

म्हणून दृष्टि पावलाकडे वळली. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यानें १८७३ सालच्या ग्रंथांत एका जोड्याचें वर्णन केलें. तळाशीं हवेचा कप्पा. पाऊल टेकतांच दाबलेली हवा नळीवाटें लेखणी हालवी. आज तेंच काम शेंकडों सूक्ष्म दाबमापकांची पाटी करते. कणा कलला कीं धडाचा भार सरकतो, आणि दोन्ही पावलांवर तो सारखा न पडण्याचा संभव असतो.

परंतु निरोगी माणसाचीं पावलेंही अगदीं समतोल नसतात. सबब पावलाची साक्ष एकटी पुरेशी नाहीं. ती संशय जागा करील, निर्णय वांकवून पाहण्यानें व क्ष-किरणांनींच व्हावयाचा. मॅन्टेलच्या व्यथेचें कारण मृत्यूनंतर कळलें. मुलांच्या बाबतींत तें वाढ चालू असतांनाच कळलें पाहिजे.